चित्र खरं, आवाज खरा

उपासनी बाईंच्या तोंडावर शाई फेकली गेली तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते. इतकी शेजारी की त्यातले काही थेंब माझ्याही ओढणीवर उडाले. शाळेच्या फाटकात, भर दुपारी, नगर रस्त्यावरच्या वाहतुकीच्या कलकलाटात. शाई फेकणाऱ्या पोराचा हात मला दिसला, त्याच्या मनगटातलं कडं दिसलं, आणि त्याच्या मागे चार-पाच फोन वर झालेले दिसले. काय झालं ते मला कळायच्या आत त्यांचं चित्रीकरण सुरू झालेलं होतं.

त्या दिवसाचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. पण बाई म्हणजे तेवढा एक दिवस नव्हे, म्हणून आधी बाईंबद्दल सांगते.

मी वाघोलीतल्या त्या शाळेत भूगोल शिकवते. आमच्याकडे नववीला 'चित्रपट-आस्वाद' असा एक तास सुरू करायचं संस्थेनं ठरवलं, आणि तो घ्यायला सदाशिव पेठेतून रोज दोन बस बदलत एक साठीच्या बाई येऊ लागल्या. सुती साडी, पुरुषी मनगटी घड्याळ आणि गळ्यात कायम भलेमोठे हेडफोन. माहितीपटांच्या आणि जाहिरातींच्या ध्वनिसंकलनात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. चित्राखाली कुठला आवाज, कधी आणि किती ठेवायचा, हे ठरवायचं त्यांचं काम. पहिल्या दिवशी शिक्षकखोलीत कुणीतरी कौतुकानं विचारलं, "म्हणजे तुम्ही पिक्चरमध्ये होतात?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पिक्चरच्या खाली होते."

त्यांना फरसाणाच्या पाकिटाचा आवाज सहन व्हायचा नाही. डब्याच्या सुट्टीत कुणी पाकीट फोडायला घेतलं की त्या हात पुढे करून म्हणायच्या, "आणा इकडे, मी फोडते," आणि कात्रीनं एका दमात कापून परत द्यायच्या. जगदाळे सर, आमचे मुख्याध्यापक, बोलताना टेबलावर पेन आपटायचे. एकदा मीटिंगमध्ये बाईंनी त्यांच्या पेनाखाली शांतपणे आपला रुमाल सरकवला. सर आपटत राहिले, आवाज येईना, आणि बोलता बोलता त्यांचा मुद्दाच हरवला. आम्ही सगळे माना खाली घालून हसत होतो. बाई मात्र गंभीरपणे सरांकडे बघत बसल्या होत्या.

त्यांचा पहिला तास मी मागच्या बाकावर बसून पाहिला होता. बाईंनी आमच्या शिपाईमामांची एक छोटी फिल्म दाखवली. मामा इकडे-तिकडे बघतात, शिक्षकखोलीचं कपाट उघडतात, आतून काहीतरी काढतात आणि पिशवीत घालतात. बस. पहिल्यांदा तिच्याखाली बाईंनी देवळातली घंटा आणि चिमण्यांचा आवाज लावला होता. मुलं म्हणाली, मामा पूजेचं सामान काढतायत. दुसऱ्यांदा खाली फक्त घड्याळाची टिकटिक आणि एक जडसा घुमणारा आवाज. वर्ग एकदम गप्प झाला. मग मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "अरे, मामा चोरी करतायत!"

प्रत्यक्षात मामा खडू काढत होते.

मुलं हसली, तास संपला. पण गंमत तिथेच संपली नाही. दिवसभर पोरं मामांकडे वेगळ्याच नजरेनं बघत राहिली. एकानं तर ते जवळून जाताना आपलं दप्तर ओढून घेतलं. मामा संध्याकाळी वैतागून बाईंकडे आले. "बाई, माझ्याबद्दल काय दाखवलंय तुम्ही पोरांना?"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना वर्गात खुर्चीवर बसवलं, सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली आणि मुलांना म्हणाल्या, "मामांना चोर मी केलं, घड्याळाच्या टिकटिकीनं. आणि तुम्ही ते मानलंत. खोटं असल्याचं कळल्यावरसुद्धा मानत राहिलात. हे लक्षात ठेवा. डोळ्यांना काय बघायचं ते कानात बसलेला माणूस सांगत असतो."

पालकसभेत खराडीच्या एका आयटी कंपनीतले गृहस्थ उठले. "मॅडम, हे सब्जेक्ट परीक्षेत किती मार्कांना आहे?"

"एकाही नाही."

"मग मुलांचा टाइम वेस्ट होत नाही का?"

"तुमचा मुलगा दिवसभर फोनमध्ये जे बघतो, ते परीक्षेत किती मार्कांना आहे?"

गृहस्थ खाली बसले. बाईंनी वर आणखी जोडलं, "तो ते बघणारच आहे. निदान काय बघतोय ते त्याला कळावं, एवढीच माझी इच्छा. तुमची परवानगी असेल तर."

मुलांशी त्या अशा तिरकस बोलायच्या नाहीत. तो मान मोठ्यांसाठी राखलेला होता.

वर्गात प्रणाली नावाची एक मुलगी त्या वर्षी नव्यानं आली होती. घरचे वाशीमकडचे, वडील रांजणगावच्या बाजूला कंपनीत. बोलायची नाही. तोंड उघडलं की तिच्या बोलीला पोरं हसायची, म्हणून तिनं तोंडच बंद केलं होतं. बाईंनी एकदा सगळ्यांना घरातला आवाज रेकॉर्ड करून आणायला सांगितला. कुणी मिक्सर आणला, कुणी टीव्हीवरच्या बातम्या. प्रणालीच्या रेकॉर्डिंगमध्ये भाकरी थापल्याचा आवाज होता, आणि मध्येच एक कोंबडी आणि एका म्हातारीचा खोकला. मुलं हसू लागली. फ्लॅटमध्ये कोंबडी!

बाई म्हणाल्या, "डोळे मिटा. भाकरीचा आवाज जवळ आहे. कोंबडीचा?"

"लांब आहे," कुणीतरी म्हणालं.

"नुसता लांब? नीट ऐका. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे."

जरा वेळानं सानिका म्हणाली, "बाई, तो फोनमधून येतोय. फोन स्पीकरवर आहे. हिच्या आईनं भाकऱ्या करता करता गावाला आजीला फोन लावलाय. पण बोलत कुणीच नाहीये. दोघी नुसत्या फोन चालू ठेवून बसल्यात."

प्रणालीनं मान खाली घातली. तिचे डोळे भरले होते. त्या दिवसापासून तिच्या बोलीला कुणी हसलं नाही.

ही सानिका म्हणजे बाईंची सगळ्यात तयार विद्यार्थिनी. आई नर्स. मुलगी हुशार, कानाची तिखट, आणि फोनवर चित्र-आवाज जोडण्यात तर बोटं अशी चालायची की बघत राहावं.

मग मुलांनी स्वतःच एक छोटी फिल्म करायचं ठरवलं. गावाकडून आलेली एक मुलगी आणि तिला घालूनपाडून बोलणारी शिक्षिका. गोष्ट मुलांची, संवाद मुलांचे. प्रणालीनंसुद्धा दोन वाक्यं सुचवली, तिला पूर्वीच्या शाळेत ऐकवली गेलेली. पण शिक्षिकेचं वाक्य मोठ्यानं म्हणायला कुणी तयार होईना. शेवटी बाईंनीच ते म्हटलं आणि मुलांनी रेकॉर्ड केलं: "तुमच्यासारख्यांना इथे बोलावलं कुणी? तुमची जागा दाराबाहेर. चला, निघा."

बाईंच्या कोरड्या, थंड आवाजात ते इतकं खरं वाटलं म्हणे की सगळ्या वर्गाच्या अंगावर काटा आला. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर पुढचा कितीतरी मनस्ताप वाचला असता.

पुढे एका सकाळी मी शाळेत पोचले तर शिक्षकखोलीत सगळे एका फोनभोवती गोळा झालेले. कुणाचा तरी आवाज माझ्या कानावर पडला आणि मी जागच्या जागी थांबले. आवाज बाईंचा होता. तुमच्यासारख्यांना इथे बोलावलं कुणी? मी वाकून पाहिलं. आमचा नववीचा वर्ग. बाई उभ्या, हात दाराकडे लांब केलेला. प्रणाली मान खाली घालून दाराकडे चाललेली. ती बाहेर जाते, तिच्या पाठोपाठ दाराचा धाडकन आवाज. वर लिहिलेलं होतं: 'पुण्याच्या शाळेत गरीब मुलीला वर्गातून हाकललं. फॉरवर्ड करा.'

मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. आवाज बाईंचा होता, वर्ग आमचा होता, प्रणाली होती. बाईंचा तो चेहरा मला इतका क्रूर वाटला की मी फोन परत देऊन टाकला.

बाई आल्या तेव्हा जगदाळे सरांनी त्यांना खोलीत बोलावलं. मलाही सोबत बसायला सांगितलं. बाईंनी व्हिडिओ हेडफोन लावून पाहिला, एकदाच. पाहताना एका जागी त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. मग हेडफोन उतरवून त्या म्हणाल्या, "चित्र खरं आहे. आवाज खरा आहे. दोन्ही वेगवेगळ्या दिवशीचे आहेत. कुणीतरी जोडलेत."

"कुणी?" सरांनी विचारलं.

बाईंनी हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली.

"बाई, सकाळपासून माझा फोन थांबत नाहीये. पत्रकार, पालक, कुठले कुठले कार्यकर्ते. तुम्ही नुसतं 'जोडलंय' म्हणालात तर कोण मानणार? मी सायबरकडे तक्रार देतो. दोन दिवसांत शोधून काढतील."

"तक्रार द्यायची नाही," बाई म्हणाल्या.

"का?"

"नाही द्यायची."

सर हतबल झाले. व्हिडिओ आदल्या रात्रीच घरोघरी पोचला होता आणि नववीच्या मुलांनी आपापल्या घरी सांगितलं होतं की बाई प्रणालीला असं बोलल्याच नाहीत. पण घरची मंडळी म्हणत होती, शाळेनं पोरांना पढवलंय. प्रणालीनंही वडिलांना सांगितलं होतं. तिला ते म्हणाले होते, "तू भेतेस म्हणून असं सांगतेस. मी डोळ्यानं पाह्यलं ना."

शेवटी सर म्हणाले, "बाई, काही दिवस तुम्ही घरी थांबा. आत्ता मागच्या बाजूनं निघा, बाहेर माणसं जमलीत."

"मागच्या बाजूनं कशाला? मी काय केलंय?"

मी त्यांच्यासोबत निघाले. फाटकाबाहेर मोटारसायकलींवर आलेली दहाबारा पोरं उभी होती. त्यातल्या एकाचंही भावंड आमच्या शाळेत नव्हतं, कुणी प्रणालीला ओळखतही नव्हतं. कुणीतरी ओरडलं, "हीच ती!" आणि पुढचं मी वर सांगितलंच आहे.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही तळवे तोंडावर धरले आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. बोटांच्या फटींतून काळं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. पोरं घोषणा देत होती आणि बाई हळू आवाजात, अगदी लहान मुलीसारखं, एकच म्हणत होत्या, "डोळ्यात गेलंय. डोळ्यात गेलंय."

मामा धावत आले. आम्ही त्यांना आत नेलं. मी साबणानं, पाण्यानं त्यांचा चेहरा धूत होते. पाणी काळंच्या काळं वाहत होतं. मी रडत विचारलं, "बाई, कुणी केलंय ते तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"हो."

"कसं?"

"चित्र बदलायच्या जरा आधी आवाज सुरू होतो. मी शिकवलंय ते. वर्गात एकाच पोरीला जमलं होतं."

"मग सांगत का नाही? तुमची ही दशा झाली तरी?"

बाईंनी आपले काळे झालेले दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. डावा डोळा लाल होऊन मिटला होता. "चौदा वर्षांची आहे ती, वैशाली," त्या म्हणाल्या. "आज नाव सांगितलं तर उद्या ही तिच्या तोंडावर पडेल."

मी पुन्हा साबण हातात घेतला.

बाई घरी बसल्या. आणि मग जे झालं ते मला शाई फेकण्याहूनही भयंकर वाटलं. शाई फेकल्याचा व्हिडिओ फिरू लागला होता, आणि कुणीतरी त्याच्याखाली एक विनोदी, सर्कशीतल्यासारखी धून लावली होती. बाई तोंड धरून उभ्या, खाली ती टुणटुण वाजणारी धून, मध्येच टाळ्या आणि हशा. तो व्हिडिओ लोक एकमेकांना हसण्यासाठी पाठवत होते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मला तो आला, सुप्रभातच्या फुलांच्या खालोखाल. मी स्वतः तिथे होते, माझ्या ओढणीवर त्या शाईचे डाग होते, आणि तरी ती धून ऐकताना क्षणभर ते सगळं गमतीचं दिसलं. मी हादरून फोन पालथा टाकला.

तोच व्हिडिओ सानिकानंही पाहिला. पाहिला आणि तिला घरात भडाभडा उलटी झाली. मग तिनं आईला सगळं सांगितलं. बाईंनी दिलेल्या अभ्यासासाठी तिनं ते जोडकाम केलं होतं: एक दृश्य घ्या, दुसरा आवाज लावून त्याचा अर्थ बदला. बाईंना ते दाखवायच्या आधी हौसेनं मैत्रिणींना पाठवलं. तिथून ते कुणाच्या तरी भावाकडे गेलं, आणि त्यानं वर ती ओळ लिहून पुढे ढकललं. ते पसरल्यावर मुलगी भीतीनं गारठून गेली होती.

तिची आई ड्यूटीवरच्या कपड्यांतच तिला घेऊन शाळेत आली. मुख्याध्यापकांसमोर उभी राहून म्हणाली, "हिनं केलंय. काय शिक्षा करायची ती करा. पण आधी त्या बाईंना बोलवा. हिला त्यांच्या पायावर घालायचंय."

बाई आल्या. डोळ्याला पट्टी होती. सानिका पाया पडायला वाकली तशी बाईंनी तिला दंडाला धरून उभं केलं. मला वाटलं, आता रागावतील. रागवायला हवंच होतं.

"आवाज चित्राच्या आधी सुरू केलास," बाई म्हणाल्या.

सानिकानं मान हलवली.

"चांगलं जमलं होतं." मग म्हणाल्या, "ज्याचं चित्र आहे त्याला आधी दाखवायचं असतं, विचारायचं असतं. हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी शिकवायला हवं होतं. माझंच राहिलं."

सानिका त्यांच्या कमरेला मिठी मारून इतकी मोठ्यानं रडली की बाहेर वर्गातली मुलं गप्प झाली.

पालकांची सभा सानिकानंच मागितली. बाई नको म्हणत होत्या, पण पोरगी ऐकेना. शाळेचा हॉल खच्चून भरला. पुढच्या रांगेत प्रणालीचे वडील, हाताची घडी घालून. सानिकानं प्रोजेक्टर लावला आणि सगळं सांगितलं. आधी मुलांच्या फिल्मसाठीचं मूळ रेकॉर्डिंग ऐकवलं, त्यात बाईंच्या वाक्यानंतर मुलांचा "बापरे!" आणि बाईंचं हसणंही होतं. मग दृश्य कुठल्या दिवशीचं ते सांगितलं. तरी हॉलमध्ये कुजबुज होतीच. कुणीतरी म्हणालं, "आता काय, काहीही बनवून दाखवतील."

तेव्हा प्रणालीचे वडील उठले. "पोरी," ते सानिकाला म्हणाले, "तो फिरला ना, तोच व्हिडिओ लाव. बिना आवाजाचा. एकडाव दाखव बरं."

सानिकानं आवाज बंद करून तो लावला.

भिंतीएवढ्या पडद्यावर बाई उभ्या होत्या, हात दाराकडे. आणि बाई हसत होत्या. स्वच्छ, तोंडभर, लेकीला अंगणात खेळायला पाठवताना हसावं तशा. प्रणालीनं मान खाली घातली होती, कारण ती हातातल्या कसल्याशा यंत्राकडे बघत होती.

"तिच्या हातात काय हाये ते?" वडिलांनी विचारलं.

"रेकॉर्डर, काका. बाईंनी तिला बाहेरच्या व्हरांड्याचा आवाज आणायला पाठवलं होतं. बाईंचा स्वतःचा रेकॉर्डर. त्या तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

हाच तो व्हिडिओ होता. सगळ्यांनी पाहिलेला, फॉरवर्ड केलेला. हसू त्यात पहिल्यापासून होतं, रेकॉर्डर पहिल्यापासून होता. आमच्यातल्या एकालाही ते दिसलं नव्हतं. मलाही नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं होतं आणि मला क्रूर चेहरा दिसला होता. त्यानंतर मी आपल्या डोळ्यांना पूर्वीसारखं कधी मानलं नाही.

प्रणालीचे वडील तसेच उभे होते. मग ते बाईंच्या खुर्चीसमोर गेले आणि हात जोडले. "मी पोरीवर इश्वास ठेवला नाही," एवढंच म्हणाले.

"तिच्यावर ठेवा," बाई म्हणाल्या. "माझं काही नाही."

ती मोटारसायकलवरची पोरं पुन्हा कधी दिसली नाहीत. माफीचा व्हिडिओ कुणी काढला नाही. शाळेनं खुलासा केला, तो फारसा कुणी पाहिला नाही. सानिकाला शाळेतून काढायची गोष्ट निघाली तेव्हा बाईंनी सरांना सांगितलं, "काढा. मग नववीचा तास घ्यायला दुसरं कुणी बघा." ती गोष्ट तिथेच मिटली. बाई परत येऊ लागल्या. डाव्या डोळ्याला त्यांना कायमचं थोडं अंधुक दिसायचं. विचारलं तर म्हणायच्या, "माझं काम कानाचं होतं, त्यांनी चुकीच्या जागी नेम धरला."

त्या तुकडीला दहावीतही त्यांनी शिकवलं. मग मुलांच्या निरोपाबरोबर स्वतःही निरोप घेतला. रोजचा प्रवास आता झेपत नाही म्हणाल्या.

त्या दिवशी मैदानात मुलींनी साड्या नेसल्या होत्या. सानिका आणि प्रणाली बाईंना ओढत झाडाखाली घेऊन आल्या. "बाई, एक फोटो. वैशाली मॅडम, तुम्हीपण या." मी बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले. सानिकानं फोन समोर वर उचलला.

बाईंचे दोन्ही तळवे झटकन तोंडावर गेले.

सानिकाचा हात तसाच हवेत राहिला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिनं फोन सावकाश खाली घेतला. "राहू दे बाई," ती कशीबशी म्हणाली. "नको फोटो."

बाईंनी तळवे काढले. त्या ओशाळल्या होत्या. त्यांना असं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पदर नीट केला आणि माझा दंड धरला. इतका घट्ट धरला की त्यांची नखं मला रुतली.

"नको कसा?" त्या म्हणाल्या. "उचल फोन, सानिका. उचल. मी बघतेय तुझ्याकडे."